अडीच सूत

चाळीस वर्षं मी सुतातच बोललो.
अडीच सूत, तीन सूत, एक सूत कमी घे रे.
उद्यमनगरात कुणाच्या डोक्यात आलं नाही
की सूत म्हणजे दोराही असतो.

तो हातात आला आत्ता,
उजव्या हाताची दोन बोटं ऐकेनाशी झाल्यावर.
सीपीआरचे डॉक्टर म्हणाले, रबरी चेंडू दाबत जा.
मला चेंडूची लाज वाटली.
मग ही घ्या, म्हणाली मेहजबीन शिकलगार,
आणि लोकरीच्या दुकानात, काउंटरवरून
चार एमएमची आकड्याची सुई सरकवली.

मी आधी तिचा व्यास मोजला. सवय.
चार शतांश कमी भरते, म्हटलं.
ती म्हणाली, काका, गाठ मारा.

पहिली साखळी.
दोरा गुंडाळ, आकड्यात धर, फासातून ओढ.
एवढंच.
एवढंच चार दिवस.
टाके इतके घट्ट की सुई आत शिरेना;
चक आवळावा तसा मी दोरा आवळत होतो,
किल्ली फिरवून, वर एक हिसका देऊन.
हाताचं नि दोऱ्याचं सूत काही जुळेना.
अहो, धरून कशाला ठेवलाय?
तो कुठं पळून चाललाय?

मग मुका खांब.
नाव ऐकून बरं वाटलं.
आमच्या शेडमध्ये सगळी मशिनं बोलायची,
खांब तेवढे मुके.
त्यांना पाठ टेकूनच आम्ही डबे खाल्ले.

वीस खांबांची चौकट, हात बसायला.
दहाव्या ओळीला मोजले तर सतरा.
पुढच्या ओळीला सोळा.
कडेचा टाका मला दिसतच नव्हता.
आमच्यात याला टेपर म्हणतात,
मुद्दाम काढायचा तर सेटिंगलाच अर्धा दिवस जायचा.
मेहजबीननं तो टेपर उलटा करून बघितला
आणि टोक धरून ओढला.
सर्रर्र.
माझ्या नऊ संध्याकाळी तिच्या मांडीवर,
कुरळा दोरा नुसता.
पण लोकर पुरी. एक इंच कमी नाही.

मी बराच वेळ गप्प बसलो.
लेथवर एकदा निघालेलं परत बसत नाही हो.
बूर असाच निघतो, कुरळा, निळा, गरम,
आणि झाडूनं गोळा करून भंगारात.
शहाऐंशी साली एका शाफ्टवर
मी एक कट जादा घेतला.
शेठनी अकरा दिवसांची हजेरी कापली,
वर म्हणाले, जा, घरी ने, पूज त्याला.
नेला.
वीतभर आहे, दाराला लावायला उभा असतो.
वारा आला की दार त्याच्यावर येतं,
ठाण्ण,
आणि रात्रपाळी करून झोपलेली कौशल्या
दर वेळी दचकते.
काही म्हणत नाही. दचकते फक्त.

शेवटी गोल.
चार साखळ्या, त्यांची कडी, कडीत सहा मुके खांब,
मग प्रत्येकात दोन, मग एकाआड एक दोन.
चहाच्या कपाखालची चकती व्हायची होती.
वाढवायचे टाके मी विसरत गेलो
आणि चकतीच्या कडा उठल्या,
बघता बघता वाटी.
दुकानात शिकायला बसलेल्या पोरी हसल्या.
मीही हसलो.
मेहजबीननं टोक मोकळं करून पुढं धरलं, उसवा.

नको, म्हटलं.
खिशात घालून घरी आणली.
माप घेतलं नाही.
बाद शाफ्टच्या डोक्यावर ठेवली, कानापर्यंत ओढली,
बसली.
असा फिट मायक्रोमीटर लावून
कधी कधी मिळायचा नाही.

दुपारी पंचगंगेकडून वारं सुटलं.
दार गेलं, टेकलं.
कौशल्यानं कूस बदलली, झोपलीच.

मी नवी साखळी घातली. वीस.
मोजली.
एकवीस.
चालतंय.