वेळेचा रकाना

उल्हास फणसे, वय छप्पन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्त,
पत्ता विचारत विचारत सुदामानगरात आला.
हातात जन्मनोंदीची लॅमिनेट केलेली झेरॉक्स.
‘सिस्टर, ही सही तुमचीच ना?’

माझीच. चांदोरकरमधल्या र ला
तेव्हा मी लांब शेपूट काढायची.

परदेशीपुऱ्यातलं प्रसूतिगृह, ऑगस्ट,
वेळ : सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

म्हणाला, राशीची काळजी नाही,
ती चंद्रावरून, आणि चंद्र
सव्वादोन दिवस एका घरी मुक्काम करतो.
पण लग्न म्हणजे त्या क्षणी
पूर्वेच्या कडेवर जी रास डोकं वर काढत असेल, ती.
दोन तासांत बदलते.
‘आणि गुरुजी म्हणतात, मी अगदी उंबऱ्यावर.
अलीकडे कर्क, पलीकडे सिंह.’

आयुष्यभर तो सिंह म्हणून जगला होता.
माणिक घातलं, दोन मॅनेजरांशी भांडला,
देवासची बदली नाकारली.
आता नवे गुरुजी म्हणतात, मोती घाला.
अंगठी बोटात इतकी रुतलेली
की साबणाशिवाय निघायची नाही.
(माझं लक्ष अजून अशाच गोष्टींकडे जातं.
लग्न या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाच्या
वाटेला मी गेले नाही.)

म्हणे, इंदूरसाठी सव्वीस मिनिटं वजा करतात;
इथला सूर्य सरकारी घड्याळाच्या मागून येतो.
एवढा काटेकोर हिशेब,
आणि त्याच्या मुळाशी माझे ओले हात.

कसं सांगू, की भिंतीवरचं घड्याळ
सात मिनिटं पुढे असायचं,
डॉक्टरीणबाईंनीच ठेवलेलं, आया वेळेवर याव्यात म्हणून.
लिहिताना ते सात कुणी वजा करायचं, कुणी नाही.
मी? त्या त्या दिवसावर.
आधी नाळ, मग बाळाचं नाक-तोंड,
मग आईचं रक्त थांबलं का ते,
मग कोपरापर्यंत हात धुणं,
आणि मग, पेन कुणी नेलं गं?
माझ्या रजिस्टरात एकही मूल
सत्तावीस मिनिटांनी जन्मलेलं नाही.
सगळी पाचाच्या पाढ्यात जगात आली.

शिवाय जन्म कुठला धरायचा?
केस दिसले तो, खांदा सुटला तो,
की उलटं धरून पाठीवर चापट मारल्यावर
एकदाचा श्वास घेतला, तो?
रकाना एकच होता.

‘काहीतरी आठवत असेल, सिस्टर. आई म्हणायची,
मिलचा भोंगा आधी झाला.
मावशी म्हणायची, नंतर.’

त्या महिन्यात शंभरावर बाळंतपणं.
मला हा आठवत नव्हता, याची आई आठवत नव्हती.
खिडकी आठवत होती, पूर्वेची,
तिच्यात चिमणी, आणि धूर उजळण्याआधीचा
तो राखाडी रंग, जो कुठल्याच राशीचा नसतो.

‘भोंगा आणि तुझं रडणं,’ मी म्हणाले,
‘एकदमच झालं. कुठलं कुठलं, कळलंच नाही.’

तो बराच वेळ हसला. डोळे पुसले.
चहा बशीत ओतून प्यायला, अंगठी फिरवत राहिला.
फाटकाशी जाता जाता वळलाच,
‘म्हणजे सिंह की कर्क?’

मी म्हटलं, पायरी ओली आहे, सांभाळून.

कठड्याला धरून
तो तिरपा तिरपा उतरला.