पाणी उतरलं

ग्रँड युनियनच्या काठाला जागा नव्हती,
म्हणून ऑब्री पेंडलबरीने नाक मुरडत
माझ्याच बोटीला बोट बांधली.
मधे सोडले सुताचे विणलेले पाच गोंडे.
"रंग नवा आहे," म्हणाला.
माझ्या छतावरची लाकडं, कोळशाची पोती,
चाक नसलेली सायकल मोजली.
आठनंतर इंजिन नको. गाठ अशी नको. धूर तिकडे.
काठावर जाताना माझ्या डेकवरून
चवड्यांवर चालला.
सोवळंच ते, पितळी.

रात्री खालच्या लॉकची झडप कुणीतरी उघडी टाकली.
पहाटे दोन्ही बोटी चिखलात,
त्याची कलून माझ्या गंजक्या खांद्यावर,
गोंडे चेपून पोळीसारखे.

पायजम्यात ऑब्री, एका हाताने
माझी सायकल धरून:
"आत येऊ का?"

"पाय पुसून," म्हटलं.