अंगठा

संध्याकाळी सहानंतर ग्रंथालयात मी एकटीच असते,
आणि हीटर, जो अधूनमधून खाकरतो.
डीलिया बील आली तेव्हा तिच्या बुटांना
खाडीचा चिखल होता. तिनं दारातच झटकला,
तरी थोडा आला आत. येऊ दे.

म्हणाली, "तिसऱ्यांवर काहीतरी हवंय."
काहीतरी म्हणजे?
"त्या का मरतायत, ते."

संगणकावर तिनं नुसतं 'तिसऱ्या' लिहिलं.
चाळीस हजार उत्तरं. निम्मी सूपची.
मी म्हटलं, पोरी, इथे हाक मारायची
तर कागदावरच्या नावानं मारावी लागते:
माया अरेनारिया.
माया, वाळूत राहणारी.
तिनं ते पुटपुटून पाहिलं.
बाप रोज कमरेत वाकून दाताळ्यानं जे उकरतो
त्याला एवढं लांब नाव असावं
हे तिला पटेना.

मग गाळत गेलो. 'मृत्यू' जोडला, 'खाडी' जोडली.
फक्त संशोधन नियतकालिकं, या चौकोनात खूण.
चाळीस हजारांचे तीनशे, तीनशेंचे अकरा,
पाटीतला चिखल धुताना पाणी निवळतं तसं.
दहा लेख उघडले.
अकरावा, १९५८चा, मेन राज्यातल्या आमच्याच किनाऱ्यावरचा,
एकोणचाळीस डॉलर मागत होता.
डीलियानं खिशात हात घातला.
घातला, खरंच.
मी म्हटलं, ठेव ते.
ग्रंथालयं शेजारणींसारखी असतात,
विरजण मागायला लाजत नाहीत.

चार दिवसांनी आला, नेब्रास्काहून,
जिथून कुठल्याच बाजूला समुद्र नाही.
सतरा पानं, तिरकी, करडी.
आणि बाराव्या पानावर, तक्त्याच्या कडेला,
स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.
नख वेडंवाकडं कापलेलं,
पेरावर एक चीर, कागदानंच कापली असणार.
त्याच्याखाली शेवटचा रकाना:
आमच्या खाडीत, एका चौरस फुटात, किती जिवंत.

पुन्हा मागवते, मी म्हटलं.
ती अंगठ्याकडेच बघत होती.
"ह्यानं कधी तिसरी पाहिली असेल?"
मला काय माहीत.
मग तिनं भिंतीवरचं ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं,
(दोर विकणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीसकट)
"उद्या पहाटे पाच दहा,"
आणि माझ्या टेबलावरची फूटपट्टी मागितली.
मी नोंद केली: फूटपट्टी, लाकडी, एक. सात दिवस.

तिसऱ्या दिवशी परत आली,
अर्ध्यापर्यंत चिखलानं काळवंडलेली.
दंड लावला नाही.

त्याच आठवड्यात दुसरी प्रत आली, स्वच्छ.
अंगठ्याच्या जागी आकडा: एकतीस.
डीलियानं ती घेतली, पण जुनीही टाकू दिली नाही.
जुन्या प्रतीत, त्या वेड्यावाकड्या नखावर,
तिनं पेन्सिलनं लिहिलंय: चार.

दोन्ही कागद शेजारी ठेवून ती गप्प बसली होती.
हीटर खाकरला.
मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली,
"हिरव्या खेकड्यांचं कागदावरचं नाव काय?"