आडवं अंतर

कुष्टा वेळीप पोफळीच्या शेंड्याशी बिलगून
झाड झुलवतो,
पुढची पोफळ हाताला लागेपर्यंत.
जमिनीला पाय न लावता
अख्खं कुळागर उतरवतो, गेली तीस वर्षं.
म्हणून नेत्रावळीत उडते सरडे मोजायला आले तेव्हा
मी आधी त्यालाच गाठलं.

म्हणाला, सरडा शोधू नका.
साल बघत राहा. हलली की सांगा.

तीन दिवस नुसती साल.
चौथ्या दिवशी नवाच्या सुमाराला
खोडाच्या एका ढलप्याने गळ्याखालून
काहीतरी पिवळं बाहेर काढलं, आत घेतलं,
पुन्हा काढलं,
आणि फासळ्या उघडून
हवेत पाय टाकला.
वहीत लिहिलं: नर, एक. उंची सात मीटर.
माझा हात कापत होता,
त्याला रकाना नव्हता.

पुढच्या वर्षी वरच्या रानात
विजेच्या तारांसाठी पट्टा मारला.
माट्टी, किंदळ, नाणा, सगळे आडवे,
बुंध्यावर लाल आकडे.
सुनावणीत साहेबांनी विचारलं,
हा प्राणी एका झेपेत किती मीटर जातो?
मी कागद चाळू लागले.
कुष्टा मागच्या बाकावरून उठला:
मुखार झाड आसल्यार वता.

समोर झाड असलं तर जातो.
कुणीतरी हसलं.
इतिवृत्तात ते वाक्य नाही.

मादी मात्र उतरते, अंडी घालायची तेवढी.
नाकाने माती उकरते,
डोक्याने थोपटून बुजवते,
एखादा दिवस राखण करते आणि वर जाते.
एक मला पट्ट्याच्या कडेला दिसली.
यंत्राने नुकतीच उलथलेली माती, मऊ.
तिला आवडली असावी.

आता आम्ही पट्ट्यात सोट पुरलेत,
वठलेल्या पोफळींचे,
तारांखाली परवानगी मिळाली तेवढ्याच उंचीचे.
कागद यायला सात महिने गेले.
अंतर कुष्टाने ठरवलं. टेप गुंडाळून ठेवायला लावली.
सोटाला पाठ लावून उभा राहिला, डोळे मिटले,
अंग थोडं पुढे झुलवलं,
चालत गेला
आणि टाचेने खूण केली. हांगा.

आठ सोट. महिनाभराची नोंद:
कोतवाल. कोतवाल. काही नाही.
खंड्या. पाऊस, गेलो नाही.
मुंग्या, तिसऱ्या सोटावर, रांग.

मी पान उलटणार
तर कुष्टाने मुंग्यांवर बोट ठेवलं.
पान वाढून झालंय, म्हणाला,
आणि सुपारी कातरत बसला.