रद्दीतला हात

बेतायला मी इस्माईलकडून रद्दी आणतो, किलोवर.
वर्तमानपत्र फाटतं. शाळेची पुस्तकं बरी, कागद जाड.
गेल्या मे महिन्यात बाहीचा गोल घेताना
कात्री अडली:
पानावर एक हात. नुसत्या हाडांचा.
शेजारी वटवाघळाचा पंख, खाली देवमाशाचा पर,
आणि तिघांतही तेच: एक जाड हाड, मग दोन,
मग खडी सांडल्यासारखी बारीक, मग बोटं.

चाळीस वर्षं मी बाह्या बेततोय.
फुग्याची, चुणीची, पाऊण, मनगटाला घट्ट.
बेत एकच असला की मला कळतं.

उरलेलं अर्धं पान मात्र
उल्का पराडकरच्या ब्लाऊजची पाठ होऊन
खिळ्याला लटकत होतं. काढलं. जुळवलं.
तरी गळ्याच्या जागी भोक.
तिथे काय लिहिलं होतं ते आजतागायत माहीत नाही.

खोबरेकर बाई पडद्याची झालर न्यायला आल्या, त्यांना विचारलं.
"खाजणात जा ओहोटीला," म्हणाल्या, "निवट्या बघा."
मी निवट्या खाल्ल्यात. तिखलं, कोकम घालून.
बघितल्या नव्हत्या.
चिपीच्या मुळांशी, चिखलातून, दोन परांवर,
कोपरं टेकत आल्यासारखी एक आली,
डोळे टोपीसारखे वर,
आणि माझ्याकडे बघितलं
माप चुकल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं.

"ही आपली पणजी?"
"छे हो. चुलत. फार लांबची."

चुलत म्हटल्यावर जमलं.
आमच्या सातबाऱ्यावर अडतीस नावं आहेत.
अर्ध्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत,
कोण बोरिवलीत, कोण बेळगावात,
एक तर मेलाय की नाही हे अजून ठरत नाही.

त्याच आठवड्यात आचऱ्याच्या तिठ्यावर पेटलं.
धडा पुस्तकात हवा की नको.
वसंता म्हणाला, "माकडाचो माणूस झालो,
मगे हे वांदर अजून माझ्या माडावर कित्याक?"
भाऊबंद म्हणून, मी मनात म्हटलं.
नारळ भाऊबंदच पाडतात.
दशावतारात राणी होणारा बाबी म्हणाला,
"मासो, कासव, डुकर, मगे नरसिंह,
आमच्याकडे सगळा रांगेत आसा. नवीन काय?"
बाई म्हणाल्या, रांग नाही हो, फांद्या.
कुणी ऐकलं नाही.
मग वसंता माझ्याकडे वळला.
"मेस्तरी, तूच सांग. शिंप्याशिवाय शर्ट होतलो?"

सगळे गप्प. पेले हातातच.

बोलायला पुष्कळ होतं.
हा बेत मी काढला नाही. बाबांनीही नाही.
त्यांना मडगावच्या कुणा उस्तादाने दिला,
त्याला कुणी, देव जाणे.
मध्ये कुणाचा तरी हात चुकला,
मुंढा अर्धा सूत खाली गेला,
बरा बसला, राहिला.
वाईट बसलेले कुठे गेले, कोण विचारतं?
कोटाच्या बाहीला अजून मी तीन बटणं लावतो,
काज नसलेली.
कधीतरी उघडत असतील.
पण शर्टाला पोरं होत नाहीत, हेही खरं,
आणि तिथेच माझा धागा तुटतो.

म्हणालो, "शर्ट होवचो नाय."
वसंता जिंकला. टाळी घेतली.
मी बाकावरून उठलो, कमरेखाली कळ आली,
तसा तोच धावला, हात धरला,
"जपान रे. माकडहाड दुखता काय?"

कुणीच हसलं नाही.
मी एकटाच, घरी पोचेपर्यंत.

पान टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, भोकासकट.
उल्का उद्या येईल.
ब्लाऊज दंडात दाटतो म्हणते, वर्षभरात भरली आहे.
उसवून बघतो.
आत माया सोडलेली असते.