शेपूट

फाईल परत आली पावणेसहाला.
डुबल शिपायानं ती टेबलावर ठेवली
नि म्हणाला, "साहेब पुण्याला गेलं. पाच दिस न्हाईत."

भांडवली कामं, एकोणचाळीस.
वरच्या कोपऱ्यात साहेबांची सही
आणि सहीच्या डोक्यावर त्यांच्याच हातचं वाक्य :
"लाल रेघेने खोडलेल्या बाबी वगळून
उर्वरित यादीस मंजुरी."

'वगळून' हा शब्द मी बावीस वर्षं टाईप करतोय.
त्याला आवाज नसतो.
पाटाचं पाणी फिरवताना
एखाद्या वाफ्याच्या तोंडाशी ढेकूळ ठेवावं,
तेवढंच काम तो करतो.

रेघा मोजल्या. चार.
विश्रामगृहाचा वाढीव मजला गेला. बरं झालं.
अकरा नंबरची स्वागत कमान,
जिच्यासाठी तीनदा फोन आला होता, तीही गेली.
त्या क्षणी साहेबांबद्दल मला जे वाटलं
ते मी घरीसुद्धा बोललो नसतो.
वाचनालयाच्या खुर्च्या गेल्या.
त्या जायला नको होत्या.

चौथी रेघ सोळावर :
सभागृहाची ध्वनियंत्रणा, सव्वीस लाख.
ही ओढताना बहुतेक फोन वाजला असावा,
किंवा कुणी दार ढकललं असेल.
रेघ सरळ निघाली, शेवटी वाकली,
आणि तिचं शेपूट खाली उतरलं
बाब सतराच्या अंगणात :
"मौजे आंबेघोळ, ता. पाटण,
धनगरवस्तीसाठी ओढ्यावर साकव."
'साकव'च्या 'व'ला लागलं होतं.
फक्त 'व'ला.

वनारसेबाईंनी भिंग आणलं, पट्टी लावली.
सहा मिलिमीटर.
"खोडलंय," म्हणाल्या.
मी म्हटलं, लागलंय.
"लागणं आणि खोडणं, शासनाच्या दृष्टीनं फरक काय?"
मला उत्तर सुचलं नाही.
शंका असेल तिथं वगळावं,
हे बाई ज्यांच्याकडून शिकल्या
ते घोणेभाऊसाहेब एकही ठपका न लागता निवृत्त झाले.

साहेबांना विचारायचं तर टिपणी हवी,
टिपणीला जावक क्रमांक हवा,
आणि उद्या मार्चची एकतीस.

आंबेघोळ मी पाहिलेलं नाही.
तिथून एकदा ठकूबाई झोरे आल्या होत्या,
दोन एसट्या बदलून, साताऱ्यापर्यंत.
अर्जाबरोबर त्यांनी दोरी दिली.
ओढ्याच्या रुंदीएवढी, दर हाताला गाठ.
"वढा केवढा हाय, कागदावर कसं कळंल तुमास्नी?"
आवकेत नोंद घ्यावीच लागली, मीच घेतली :
सोबत, दोरी, नग एक.

फाईलच्या तळाशी ती होती. काथ्याची, जराशी कुबट.
वनारसेबाईंची पट्टी तिच्याशेजारी पडली होती.
मी गाठी मोजल्या. एकोणीस.
मधली एक सुटून पुन्हा मारलेली दिसत होती.
खाली पोवई नाक्याकडे रिक्षांचे दिवे लागले होते.

मग टाईप केलं :
"बाब क्र. ३, ११, १४ व १६ वगळून."
सोळानंतरचा पूर्णविराम दोनदा तपासला.
बाईंनी वाचलं. डबा पिशवीत घातला.
पुन्हा वाचलं.
सही केली आणि म्हणाल्या,
"मी चष्मा लावला नव्हता. लक्षात ठेवा."

साकव झाला म्हणतात. मी अजून गेलो नाही.
बाई निवृत्त झाल्या, साहेब तर तीन बदल्यांपलीकडे.
लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र दरसाल येतो :
बाब १७ संदिग्ध असताना खर्च कशाच्या आधारे?
मूळ प्रतीवरची लाल शाई फिकी पडत चाललीय,
आधी शेपटाकडून.
दरसाल मी तेच उत्तर लिहितो :
मूळ प्रत पाहावी.
सोबत, दोरी, नग एक.