तिसऱ्या सांध्यावर

जेलरोडच्या फ्लॅटात, जुन्या पलंगाच्या फळ्यांवर
देवळाली ते ओढा असा रूळ अंथरलाय.
गाडी रोज एकाच जागी घसरते :
नाशिकरोडच्या अलीकडे, तिसऱ्या सांध्यावर.

सांधा कानशीनं घासला, नव्यानं डाग दिला.
रूळ स्पिरिटनं पुसले, बोळा काळा होईपर्यंत,
मग पांढरा राहीपर्यंत.
इंजिनाला शिव्या दिल्या.
घसरलीच.

उजगरे आले. एकलहऱ्याच्या कारखान्यात
चौतीस वर्षं मोटारी उघडून मिटवलेला माणूस.
गाडीकडे बघेनातच.
चहा संपवला, बशीत काठोकाठ पाणी ओतलं,
बशी फळीवर ठेवली.
पाणी खिडकीच्या बाजूनं सांडलं.
म्हणाले, "गाडीचं काही नाही. जमीन खोटं बोलतेय."

फरशीला ढाळ आहे.
पुसलेलं पाणी गॅलरीत जावं म्हणून
कुण्या गवंड्यानं शहाणपणानं दिलेला.
तेवीस वर्षं मी सपाट समजून चालत होतो.

पायाखाली लेकीच्या लग्नातल्या
उरलेल्या पत्रिका सरकवल्या : दोन,
मग तिसरी, अर्धी फाडून.

शंभर फेऱ्या झाल्या की
उजगऱ्यांना फोन करायचं ठरलंय.
एकशे बारावी चालू आहे.
फोन आतल्या खोलीत.
उठलो, तर फरशी हलेल.